सचोटीचे मोजमाप आणि चिंतामणराव

केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचनेनुसार सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगांत सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास दरवर्षी दक्षता जनजागृती सप्ताह पाळला जातो. सचोटीची प्रतिज्ञा, व्याख्याने, निबंधस्पर्धा हा त्याचा ठरलेला क्रम. अलिबागजवळ थळ येथे असलेला सरकारी खतकारखाना याच परिवारातला. या उपक्रमांनी कारभार कितपत शुद्ध झाला, हे ठरवावयाचे कसे? थळ ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, तेथूनच १९५२ साली लोकसभेवर निवडून गेलेल्या चिंतामणराव देशमुखांचे चरित्र या बाबतीत मार्गदर्शक ठरावे.

महाडनजीकच्या नाते या गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला प्रथम क्रमांक व जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजचे शिक्षण, आय.सी.एस. परीक्षेतही अग्रस्थान, मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्रशासन, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० साली केंद्रीय अर्थमंत्री, असा त्यांचा चढता आलेख होता. खासगी कंपन्यांतील गैरव्यवहारांना आळा घालण्यासाठी १९५६ च्या जानेवारीत त्यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण घडवून आणले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला.

परंतु मालकी सरकारची झाली म्हणजे व्यवहार आपोआप निर्मळ होतो, हा भ्रम लवकरच फिटला. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीची १९५८ साली न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. काही आठवड्यांतच अहवाल आला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. हे कोणत्याही प्रतिज्ञेने साधले नसते.

चिंतामणरावांनी १९५९ साली याच्या पुढचे पाऊल टाकले. सत्ताधाऱ्यांवरील आरोपांच्या चौकशीसाठी उच्चाधिकार असलेले स्वतंत्र, कायम न्यायाधिकरण नेमावे, अशी सूचना त्यांनी केली. आपल्या माहितीतील प्रकरणे त्यापुढे ठेवण्याचीही तयारी दर्शविली. पंतप्रधान नेहरूंनी ती मान्य केली नाही. योगायोग असा की, शासकीय सेवेबद्दलचा मॅगसेसे पुरस्कार चिंतामणरावांना त्याच वर्षी लाभला. पुढे संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली दक्षता आयोग आला. पण त्याची भूमिका सल्लागाराची आणि कक्षा अधिकाऱ्यांपुरती राहिली. महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा केला. देशाला पहिला लोकपाल मात्र २०१९ साली मिळाला. तोवर चिंतामणरावांच्या सूचनेला साठ वर्षे आणि त्यांच्या निधनाला सदतीस वर्षे लोटली होती.

प्रशिक्षण व प्रतिज्ञा सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे नव्हे. नियम ठाऊक नसलेल्या नवख्या कर्मचाऱ्याला त्यांचा आधार होतो. परंतु सप्ताहात किती जणांनी शपथ घेतली, हा यशाचा निकष होऊ शकत नाही. किती तक्रारी आल्या, त्यांचा निकाल किती दिवसांत लागला, शिक्षा केवळ कारकुनापर्यंत थांबली की वरिष्ठापर्यंत पोहोचली, आणि तक्रार करणाऱ्याचे पुढे काय झाले, हे आकडे प्रत्येक उद्योगाने दरवर्षी जाहीर करावेत. थळच्या परिसरात कारखान्यासाठी जमीन दिलेल्या शेतकऱ्याला तो तक्ता आपल्या भाषेत वाचावयास मिळाला, तरच सप्ताह सार्थकी लागला असे म्हणता येईल. ज्याची चौकशी कोणी करू शकत नाही, त्याने घेतलेल्या प्रतिज्ञेला मोल नसते, हाच चिंतामणरावांच्या अमान्य झालेल्या सूचनेचा अर्थ आहे.