सैतानाचं बाळ बघायला गर्दी लोटली आणि जेन अ‍ॅडम्स म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकत बसली

१९१३ सालची गोष्ट आहे. शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवर हल हाउस नावाचं एक जुनं विटांचं घर होतं. एके दिवशी तीन इटालियन बायका तिथे तावातावाने आल्या आणि सैतानाचं बाळ दाखवा म्हणून हटून बसल्या. त्यांना पक्की खबर होती. पायाला खूर, टोकदार कान, छोटीशी शेपूट आणि जन्मल्या जन्मल्या शिव्या देणारं एक पोर या घरात लपवून ठेवलंय.

असं काहीही नव्हतं. पण ऐकतंय कोण?

पुढचे सहा आठवडे नुसती रीघ लागली. दिवसरात्र फोन, तिकीट किती म्हणून चौकशा. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तरी फॉरवर्ड झालाच. इटालियन लोकांत गोष्ट अशी फिरत होती की एका नास्तिक नवऱ्याने भिंतीवरची देवाची तसबीर फाडली, यापेक्षा घरात सैतान आलेला बरा असं म्हणाला आणि बायकोच्या पोटी सैतानच आला. ज्यू वस्तीत त्याच बाळाची गोष्ट वेगळी होती. सहा मुलींचा बाप सातवीपेक्षा सैतान परवडला असं बोलून गेला, आणि झालं तसंच.

घराची मालकीण म्हणावी अशी बाई होती जेन अ‍ॅडम्स. वय ५३, देशभर नाव. आधी ती वैतागली. मग तिच्या लक्षात आलं की येणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका फार आहेत आणि बाळ नाही म्हटल्यावरही त्या उठत नाहीत. बसतात, बोलायला लागतात. दारुड्या नवऱ्याचा मार, दगावलेली लेकरं, टाकून गेलेली मुलं, कारखान्यात झिजलेले हात. घरात त्यांना कुणी विचारत नव्हतं, पण सैतानाच्या बाळाची गोष्ट सांगायला लागल्या की नवरा आणि पोरं जरा गप्प होऊन ऐकायची, थोडी बिचकायचीसुद्धा. जेन ऐकत बसली. तीन वर्षांनी तिने यावर एक लेख लिहिला आणि त्याच वर्षी आलेल्या तिच्या पुस्तकातही हा किस्सा आहे.

आता ही बाई या वस्तीत आली कशी, ते बघू.

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल गावातला. ती दोन वर्षांची असताना आई गेली. बाप जॉन अ‍ॅडम्स गावातलं बडं प्रस्थ. पिठाची गिरणी, बँक, राज्याच्या सिनेटमध्ये जागा आणि अब्राहम लिंकनशी ओळख. जेनला लहानपणी मणक्याचा क्षय झाला, पाठ वाकली, मान एका बाजूला कलली. आपल्यासारख्या कुरूप मुलीचा हा देखणा बाप आहे हे परक्यांना कळू नये म्हणून ती चर्चमधून बाहेर पडताना मुद्दाम काकाचा हात धरून चालायची.

मग एक दिवस शेजारच्या शहरातल्या भर रस्त्यात बाप समोरून आला. त्याने डोक्यावरची उंच रेशमी हॅट काढली आणि गर्दीदेखत लेकीला झुकून नमस्कार केला. बस, एवढंच. जेनने म्हातारपणापर्यंत हे लक्षात ठेवलं. मला विचाराल तर तिच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथेच आहे.

१८८१ मध्ये ती रॉकफर्डच्या कॉलेजातून बाहेर पडली आणि त्याच ऑगस्टमध्ये बाप वारला. डॉक्टर व्हायला गेली, पाठीने साथ दिली नाही, शिक्षण सुटलं. पुढची सात-आठ वर्षं म्हणजे आजच्या भाषेत नुसता गोंधळ. हातात पैसा, डिग्री आणि करायला काही नाही. श्रीमंत घरच्या मुलींना तेव्हा युरोप दाखवायला नेत, तशी तीही गेली.

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शनिवारी रात्री तिने एक लिलाव पाहिला. रविवारी बाजार बंद, म्हणून सडायला आलेली भाजी मध्यरात्री स्वस्तात फुंकून टाकत होते. गाडीभोवती शेकडो हात वर झाले होते. एकाला कोबी मिळाला, तो तिथेच फुटपाथवर बसून कच्चाच खायला लागला. दुसऱ्या दौऱ्यात माद्रिदला बैलांची झुंज बघताना आपल्याला काहीच वाटत नाहीये हे तिला जाणवलं आणि स्वतःचीच भीती वाटली. नुसतं बघत फिरणं पुरे झालं, असं ठरवून तिने बरोबरच्या मैत्रिणीला, एलेन गेट्स स्टारला, मनातला बेत सांगितला. जाताना लंडनचा टॉयन्बी हॉल पाहून घेतला. १८८४ मध्ये सुरू झालेल्या या जागेत ऑक्सफर्ड-केंब्रिजची शिकलेली पोरं गरीब वस्तीत मुक्कामाला राहत. याला सेटलमेंट म्हणायचे. दान वाटायचं आणि संध्याकाळी आपल्या बंगल्यावर जायचं असा प्रकार नाही, शेजारी म्हणून तिथेच राहायचं.

१८ सप्टेंबर १८८९ ला दोघी हल हाउसमध्ये राहायला आल्या. चार्ल्स हल नावाच्या धनिकाचं हे जुनं घर. एका बाजूला दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूला अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याचं दुकान. आजूबाजूला इटालियन, ज्यू, जर्मन, आयरिश, बोहेमियन, पुढे ग्रीक. सगळे नवीन आलेले, एकमेकांची भाषा न कळणारे. पहिल्या रात्री सामान लावण्याच्या नादात दार लावायचं राहून गेलं. बाजूचा एक दरवाजा तर सताड उघडा होता. सकाळी पाहिलं तर काहीही गेलं नव्हतं. जेनला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं.

(मी राहते त्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव मला कुरियरवाल्याकडून कळलं, तेही दोन वर्षांनी. असो.)

सुरुवात साधी होती. कामाला जाणाऱ्या आयांची पोरं सांभाळायची, बालवाडी चालवायची, संध्याकाळी पुस्तक वाचायला बायकांना बोलवायचं. कुणी बाळंतीण अडली तर जायचं. एकदा लग्न न झालेल्या मुलीच्या बाळंतपणाला कुणीच शेजारीण येईना, तेव्हा जेन आणि तिची सहकारी ज्युलिया लॅथ्रॉप यांनीच ते पार पाडलं. दोघींना त्यातलं काही कळत नव्हतं.

सगळं जमलं असंही नाही. बॉस्टनहून शास्त्रीय पद्धत आणून त्यांनी पौष्टिक सूप आणि कालवणं विकणारं स्वयंपाकघर काढलं. कागदावर एक नंबर. पण इटालियन आणि ज्यू बायकांना ते बेचव जेवण नको होतं. पौष्टिक असेल, पण मला आवडेल तेच मी खाणार, अशा अर्थाचं एक बाई तोंडावर बोलून गेली. जेनने ऐकलं आणि जोर कॉफी हाउसवर दिला. ते मात्र भरून वाहायला लागलं. लोकांना बसायला जागा हवी होती, पोषणावरचं भाषण नको होतं.

पहिल्या नाताळचा किस्सा असाच. जेनने वस्तीतल्या मुलींसमोर गोळ्या-चॉकलेटं ठेवली. काही मुलींनी हातसुद्धा लावला नाही. त्यांना ते बघवत नव्हतं, कारण सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत त्या गोळ्यांच्याच कारखान्यात राबत होत्या. मग एकाच यंत्रावर वस्तीतली तीन मुलं जखमी झाली, त्यातला एक गेला. यंत्राला थोड्या डॉलरची जाळी लावली असती तर तो वाचला असता. १८९१ मध्ये हल हाउसला राहायला आलेली फ्लॉरेन्स केली हिने घरोघरी फिरून पाहणी केली आणि १८९३ मध्ये इलिनॉयचा कारखाना कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस. आठ तासांचं कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांत रद्द केलं, पण लढा सुरू झाला होता.

कचऱ्याचं प्रकरण तर तिने स्वतःच अंगावर घेतलं. गल्ल्यांमध्ये लाकडी पेट्या कुजक्या भाजीने ओसंडत होत्या आणि पोरं त्यावरच खेळत. १८९५ मध्ये जेनने कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी थेट टेंडर भरलं. तांत्रिक कारणाने ते बाद झालं, पण एवढी बोंबाबोंब झाली की महापौरांनी तिला वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला १००० डॉलर. सकाळी सहाला उठून ती कचरागाड्यांच्या मागे फिरायची. एका अरुंद रस्त्यावर दीड फूट कचरा उपसल्यावर खाली चक्क फरसबंदी निघाली. तिथे फरसबंदी आहे हे राहणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. मृत्युदरात शहरातल्या वॉर्डांमध्ये तिसरा असलेला हा वॉर्ड पुढे सातव्यावर गेला.

आणि इथे खरी मजा आहे. हा कचरा ज्याच्या आशीर्वादाने साचत होता तो नगरसेवक जॉनी पॉवर्स पक्का भ्रष्ट होता. हल हाउसने त्याला पाडायला निवडणुकांत जोर लावला. तो पडला नाही. आपल्याकडे दिवाळीला उटणं-साबण वाटणारे आणि बसभर बायकांना देवदर्शनाला नेणारे असतात, तसाच हा. नाताळला सहा टन टर्की वाटायचा, मयताला हजर, पोरगं पोलिसांनी धरलं की जामिनाला हजर. १८९८ मध्ये जेनने यावर लेख लिहिला, त्यात त्याला शिव्या घातल्या नाहीत. आम्ही भाषण देतो तेव्हा तो माणसाच्या दारात उभा असतो, लोकांना तो शेजारी वाटतो म्हणून तो जिंकतो, असा तिचा निष्कर्ष होता. हरलेल्या बाजूने असं लिहायला हिंमत लागते.

१८९६ मध्ये ती रशियात टॉलस्टॉयना भेटायला गेली. त्यांनी तिच्या फुगीर बाह्या चिमटीत धरल्या आणि एवढ्या कापडात एका मुलीचा फ्रॉक होईल म्हणून सुनावलं. तुझा खर्च कोण भागवतं हेही विचारलं. शेताचं उत्पन्न येतं म्हटल्यावर आणखी बोलणी. जेन इतकी ओशाळली की परतल्यावर रोज दोन तास पाव भाजायचा पण करून आली. आणि घरी येऊन बघते तर दारात माणसं ताटकळलेली, पत्रांचा ढीग. या सगळ्यांना थांबवून मी माझ्या मनाच्या शांतीसाठी पाव भाजू का, असं वाटून बेत रद्द.

मला सगळ्यात आवडतो तो १९०० मधला तिचा उद्योग. अमेरिकेत वाढलेल्या मुलींना आपल्या अडाणी, डोक्याला रुमाल बांधणाऱ्या आयांची लाज वाटायची. जेनने रस्त्यात एक म्हातारी इटालियन बाई साध्या चातीवर सूत काढताना पाहिली आणि हल हाउसमध्ये श्रमांचं संग्रहालय काढलं. तिथे या बायकाच सूत कातून, विणून दाखवायच्या आणि शहरातले शिकलेले लोक बघायला यायचे. आईबरोबर दिसू नये म्हणून दुसऱ्या दाराने येणारी एक मुलगी, लोक आईच्या हाताचं कौतुक करतात हे ऐकल्यावर एकाच दाराने यायला लागली. बापाची हॅट आठवतेय ना?

पण या घराला मर्यादाही होत्या. शेजारपण मुख्यतः युरोपातून आलेल्यांचं होतं, कृष्णवर्णीयांसाठी दार तेवढं उघडं नव्हतं. १९०१ मध्ये जेनने झुंडबळींविरुद्ध लेख लिहिला, पण मारले गेलेले गुन्हेगारच असावेत असं त्यात गृहीत धरलं. त्याच शहरातली पत्रकार आयडा वेल्सने आकडेवारी मांडून ते खोडून काढलं. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हा स्थापनेत दोघींचीही नावं होती.

तोवर हल हाउसच्या १३ इमारती झाल्या होत्या आणि जेन अमेरिकेची लाडकी होती. मग महायुद्ध आलं. एप्रिल १९१५ मध्ये हेगला देशोदेशीच्या बायकांची शांतता परिषद भरली, अध्यक्ष जेन. परतल्यावर न्यूयॉर्कच्या भाषणात ती म्हणाली की संगिनीच्या हल्ल्याआधी सैनिकांना नशा दिली जाते. वर्तमानपत्रं तुटून पडली. काल कौतुक करणारे आज देशद्रोही म्हणायला लागले. ट्रोलिंग म्हणजे काय हे तिला कळलं. ती मागे हटली नाही, पण आपण चुकतोय का या शंकेने आणि एकटेपणाने आतून पोखरून निघाली, हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय. १९३१ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं, निकोलस बटलर यांच्याबरोबर विभागून. सोहळ्याच्या दिवशी ती बाल्टिमोरच्या दवाखान्यात होती.

याच काळात सेटलमेंटची कल्पना मुंबईत पोचली होती. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनकडून आले आणि त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. १९३६ मध्ये तिथूनच टाटांच्या पैशातून समाजकार्याचं कॉलेज निघालं. आज आपण त्याला टिस म्हणून ओळखतो.

जेन २१ मे १९३५ ला कर्करोगाने गेली. हल हाउसच्या अंगणात दर्शनाला हजारोंची रांग लागली.

१९६० च्या दशकात शिकागोच्या महापालिकेने ही सगळी वस्ती नव्या विद्यापीठासाठी पाडायचं ठरवलं. विरोधात उभी राहिली फ्लॉरेन्स स्काला, एका इटालियन शिंप्याची मुलगी. ती लहानपणापासून हल हाउसला जायची, तिथेच वाढली होती. शेजारच्या बायकांना घेऊन तिने महापौरांच्या कचेरीत ठिय्या दिला, खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि हरली. १३ पैकी ११ इमारती पाडल्या. हलचं मूळ घर आणि जेवणाची खोली तेवढी आज संग्रहालय म्हणून उभी आहे.