क्रोकसवाले बोल्स

केशर ज्या फुलातून मिळतं ते क्रोकसच्या जातीचं. या क्रोकसांसाठी आयुष्य वेचलेला माणूस म्हणजे एडवर्ड ऑगस्टस बोल्स.

जन्म 1865 चा, लंडनजवळ एनफिल्डला. लहानपणीच एका डोळ्याची दृष्टी गेली. पाद्री व्हायचं म्हणून केंब्रिजला धर्मशास्त्र शिकले. पण भाऊ आणि बहीण क्षयाने गेले, आणि बोल्स आई-वडिलांजवळ घरीच राहिले. बागकामाचं शिक्षण मात्र कुठलंच नाही, सगळं स्वतः करून पाहिलेलं.

तुम्हाला वाटेल, थंडीपासून वाचवायला ते क्रोकसवर काच ठेवत असतील. तसं नाही हं! थंडी तर क्रोकसला लागतेच. त्रास होतो तो पावसाचा आणि चिखलाचा. शिवाय ऊब नसेल तर फूल मिटूनच राहतं. म्हणून लाकडी चौकट, वर काचेचं झाकण, आत शेगडी वगैरे काही नाही. थोडं ऊन आलं की काचेखाली पाकळ्या उघडतात, बी धरतं. उन्हाळ्यात तीच काच कंद कोरडे ठेवते. बी पेरल्यावर फुलाची वाट पाहायची तीन-चार वर्षं! (आपल्या वर्गात मटकीला दुसऱ्या दिवशी मोड दिसले नाहीत तर मुलं कुरकुरतात.)

फुलांची चित्रंही तेच काढत. 1924 साली त्यांचं क्रोकसवरचं पुस्तक आलं. गावातल्या मुलांसाठी ते रात्रीची शाळा चालवत, आणि तीच मुलं बागेत हाताशी असत. लोक त्यांना ‘बोल्सची मुलं’च म्हणत. 1954 साली बोल्स गेले. बाग अजून आहे.