सायकलच्या साखळीपासून नांगराच्या फाळापर्यंत

आमच्या गावाचे नाव साखळी. डिचोली तालुक्यात वाळवंटी नदीच्या काठी हे गाव आहे. सायकलच्या चेनला मराठीत साखळी म्हणतात ते आमच्या गावावरूनच, अशी लहानपणी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे समजूत गेली, पण चेनचा आणि माझा संबंध काही सुटला नाही.

पेडण्याच्या मामांनी त्यांची जुनी सायकल मला दिली होती. आमच्याकडचा पाऊस आणि तांबड्या मातीचा चिखल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चेनची काय दशा होते हे सांगायला नको. एका पावसाळ्यानंतर ती चढणीवर दातांवरून घसरू लागली. मी बाजारातून नवी चेन आणली आणि घरीच बसवली. जुनी काढली, नवी लावली, झाले! दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षेला निघालो तो पहिल्याच चढणीवर पेडल गर्रकन फिरले आणि मी रस्त्यावर. गुडघा फुटला आणि पेपरला अर्धा तास उशीर झाला.

सायकल ढकलत मेस्त्रींकडे नेली. त्यांनी माझ्या दोन चुका दाखवल्या. एक तर कड्या न मोजता चेन होती तेवढी लांब बसवली होती. दुसरी चूक मोठी. मागच्या फ्रीव्हीलचे दात झिजून आकड्यासारखे वाकले होते, त्यांच्यावर नवी चेन टिकणारच नव्हती. काम करता करता ते सहज म्हणाले की किर्लोस्करही मूळचे बेळगावचे सायकलवालेच होते. मला ते खरे वाटेना. आजोबांच्या कुळागरातल्या पंपावर जे नाव मी रोज वाचत आलो, ते नाव सायकलच्या दुकानातून निघाले? पुढे चोर्ला घाट चढून बेळगावला शिकायला आलो आणि किर्लोस्कर रोडची पाटी पाहिली, तेव्हा या माणसाचे चरित्र नीट वाचायचे ठरवले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. गाव कानडी, घर मराठी. त्यामुळे आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही त्यांना आपले म्हणायला हरकत नाही. याच गुर्लहोसूरने मराठी रंगभूमीला अण्णासाहेब किर्लोस्कर दिले. अण्णासाहेबांचे संगीत शाकुंतल 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले. योगायोग असा की, त्याच 1880 साली तिकडे इंग्लंडात मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस कारागिराने नळी आणि रोलर असलेल्या चेनचे पेटंट घेतले. आज जगातल्या बहुतेक सायकली तिच्याच वंशातल्या चेनवर चालतात.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलाचे लक्ष मात्र पोथीत नव्हते, ते रंगात आणि यंत्रात होते. शाळेत मन रमेना. 1885 साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? पण रेषेला रंग लागत नाही. ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले, त्यात पारंगत झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथल्या कर्मशाळेत त्यांनी यंत्रे पाहिली, उघडली आणि पुन्हा जोडली. परदेशी यंत्रविषयक मासिके वाचून उरलेले ज्ञान मिळवले.

त्या काळात मुंबईच्या रस्त्यांवर सायकल नव्यानेच दिसू लागली होती. पुढे उंच आणि मागे छोटे चाक असलेल्या सायकलीत पेडल चाकालाच जोडलेले असे. 1885 साली स्टार्लीने रोव्हर सायकल काढली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक चेनने फिरत होते. चेन आली म्हणून स्वाराला जमिनीजवळ बसता आले. चेनने माणसाला घोड्यावरून उतरवून बाकावर बसवले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

लक्ष्मणरावांनी या वाहनात धंदा पाहिला. ते मुंबईत सायकली घेत आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवत. या उद्योगाचा आरंभ 1888 सालचा मानला जातो. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना विकली जाई, आणि चालवायला शिकवण्याचे 15 रुपये घेत, असे सांगतात. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी कुरकुर करीत नोकरीत दिवस काढले नाहीत. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स अशी पाटी लागली.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला या दुकानाचे फार कौतुक वाटते. इतकी महाग वस्तू विकली म्हणजे धंदा संपत नाही, तेथून तो सुरू होतो. सायकल आली की मोडतोड आली. त्या काळी चेनची मापे कारखान्यागणिक वेगळी असत आणि सुटे भाग बोटीने येत. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याला माप घेता यावेच लागे.

आज आपले काम पुष्कळ सोपे झाले आहे. साध्या सायकलच्या चेनची एक कडी अर्धा इंच लांब असते, म्हणजे बारा इंचांत बरोबर 24 कड्या बसतात. चेन ताणली गेली असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नाही. पिन आणि तिच्याभोवतीची नळी कणाकणाने झिजते, आणि प्रत्येक कडीतला तो कण मिळून चेन लांबते. आमच्या हिशेबशास्त्रात ज्याला घसारा म्हणतात तो येथे पट्टीने मोजता येतो. 24 कड्यांची लांबी 12 इंचांपेक्षा सोळांश इंचाने वाढली की चेन बदलावी. आठांश इंचापर्यंत थांबलात तर बहुधा दातही बदलावे लागतात. मी थांबलो होतो.

नवी चेन जुनीशेजारी ठेवून कड्या मोजाव्यात. केवळ लांबी जुळवू नये, कारण जुनी झिजून लांबलेली असते. आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते, म्हणून साध्या लॉकने जोडायच्या चेनच्या कड्यांची संख्या सम असावी लागते. माझ्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दात आहेत. दोन्हींच्या मध्यांतले अंतर 18 इंच धरून हिशेब केला तेव्हा 103 आणि जवळजवळ अर्धी कडी असे उत्तर आले. म्हणून 104 कड्या घ्यायच्या. लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे, नाहीतर अडकून ती निघू शकते. शेवटी मागचे चाक सरळ ठेवून चेन मधोमध सुमारे अर्धा इंच हलेल इतकी ढील द्यावी आणि नट आवळावेत. फार ताणली तर पेडल जड जाते, फार ढिली ठेवली तर उतरते.

सायकली विकता विकता लक्ष्मणरावांचे लक्ष शेतकऱ्याकडे गेले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. मग 1903 साली लोखंडी नांगर आला. येथे खरी कसोटी लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लाकडी नांगराच्या मानाने हा खोल जाई, आणि फाळ झिजला की तेवढाच बदलता येई. ज्याने सायकलचे दुकान चालवले त्याला झिजणाऱ्या भागाचे मोल निराळे सांगावे लागले नसेल, असे मला वाटते.

नांगर खपू लागले तोच नवे संकट आले. गावाच्या वाढीच्या योजनेत जागा जात असल्याने बेळगावातला कारखाना हलवावा लागला. चाळिशी गाठलेला माणूस, उभारलेली यंत्रे, हाताखालचे कामगार, आणि जायचे कोठे? अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. माळावर निवडुंग माजलेला आणि नागसापांचा सुळसुळाट. 10 मार्च 1910 रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. सुमारे पंचवीस कामगार आपली बायकामुले घेऊन त्या माळावर गेले. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभूअण्णा जांभेकर यंत्रांत रमले. लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्यांना पहारेकऱ्याचे काम दिले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली किर्लोस्कर मासिकही सुरू झाले. पुढे चिरंजीव शंतनुरावांनी हा व्याप पुण्यापर्यंत आणि देशाबाहेर नेला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो, की पदवी झाल्यावर नोकरी कोठे लागणार? माझ्याही घरी तोच आहे, आणि तो चुकीचा नाही. नोकरी लक्ष्मणरावांनीही केली. पण चित्रकला गेली, बढती गेली, बेळगाव सुटले, तरी दर वेळी काय झिजले आणि काय अजून भक्कम आहे हे त्यांनी आधी पाहिले, आणि मगच पुढचे पाऊल टाकले. मी मात्र दात न पाहता चेन बसवली होती.

मेस्त्रींनी त्या दिवशी चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलली. पैसे मी दोन हप्त्यांत दिले. गेल्या सुट्टीत ती सायकल मी स्वतः उघडली, पट्टी लावून 24 कड्या मोजल्या. अजून बरोबर बारा इंच भरल्या. तेल घातले आणि चढणीवर निघालो.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष