यान पुर्किन्ये आणि श्वासमार्गांतील सूक्ष्म झाडू

आपण घेतो त्या प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, धूर व रोगजंतु शरीरांत शिरत असतात. ते सर्वच फुप्फुसांत सांचून कां राहत नाहींत, हें समजण्याचा मार्ग ज्या शोधकानें मोकळा केला, त्याचें हें अल्प चरित्र आहे.

यान पुर्किन्ये याचा जन्म बोहेमिया देशांत लिबोखोविचे या गांवीं १७८७ सालीं झाला. तो सहा वर्षांचा असतांनाच त्याचे वडील वारले. दहाव्या वर्षीं मिकुलोव्ह येथील पियारिस्ट संघाच्या शाळेंत त्याचा प्रवेश झाला. त्याबद्दल तो तेथील गायकवृंदांत गात असे. पुढें तो त्या संघांत शिरला, पण दीक्षा पूर्ण होण्यापूर्वींच बाहेर पडून प्राग शहरीं गेला. तेथें शिकवण्या करून त्यानें उदरनिर्वाह केला व १८१८ सालीं वैद्यकाची पदवी मिळविली.

१८२३ सालीं ब्रेस्लाउ विद्यापीठांत तो प्राध्यापक झाला. परंतु त्याला प्रयोगशाळा मिळेना. तेव्हां त्यानें राहत्या घरींच प्रयोग चालविले. १८३२ सालीं त्याला एक उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्र लाभलें. त्याच सुमारास त्याच्या दोन लहान कन्या पटकीला बळी पडल्या आणि १८३५ सालीं पत्नीहि निवर्तली. तरी त्याचें काम थांबलें नाहीं.

१८३४ सालीं गाब्रिएल व्हॅलेन्टिन या शिष्यासह सशाची बीजवाहिनी तपासीत असतां, तिच्या अस्तराचे तुकडे आपोआप हालत असल्याचें त्याला दिसलें. त्या अस्तरावर सूक्ष्म केसांचें जणूं शेतच डोलत होतें! असले केस जलचर व बेडूक यांच्या अंगीं पूर्वींच आढळले होते. आतां ते सस्तन प्राण्यांतहि, आणि श्वासनलिकेंतहि, सांपडले.

मग या जोडीनें ते तुकडे निरनिराळ्या द्रवांत ठेवून पाहिले. अफूसारख्या विषांनीं केसांची गति थांबेना. म्हणजे ती मज्जातंतूंच्या स्वाधीन नव्हती. आम्लांनीं मात्र ती नष्ट होई, आणि रक्तांत ती दीर्घकाळ टिके. केसांचें चलनवलन भोंवतालच्या द्रवावर अवलंबून असतें, हें यावरून दिसून आलें. पुढें विर्खोव्ह यानें थांबलेले केस सौम्य अल्कली द्रवानें पुन्हा चालू करून दाखविले.

हे केस सुमारें एक-दीडशांश मिलिमीटर लांब असून सेकंदास दहा-पंधरा वेळां हालतात, हें आज ज्ञात आहे. त्यांच्या मुळाशीं पातळ पाणेरी थर आणि वर चिकट श्लेष्मा असतो. केस ताठ होऊन श्लेष्म्याला घशाकडे लोटतो, आणि वांकून पाणेरी थरांतून परत येतो. हा थर आटला कीं श्लेष्मा घट्ट होऊन केसांवर दडपण आणतो. झाडू अडतो व रोगजंतु आंत ठाण मांडतात. पाणी व क्षार यांचें वहन बिघडविणाऱ्या एका आनुवंशिक रोगांत नेमकें हेंच घडतें.

लहान मेंदूंतील मोठ्या पेशी आणि हृदयांतील विशिष्ट तंतु आजहि पुर्किन्ये याच्या नांवानें ओळखले जातात. १८५० सालीं तो प्रागला परतला. आपल्या देशबांधवांस मातृभाषेंत शास्त्र वाचतां यावें, म्हणून त्यानें १८५३ सालीं ‘झिवा’ हें चेक नियतकालिक काढलें. १८६९ सालीं तो प्राग येथें मरण पावला.

बालमित्रहो, साधनें नाहींत म्हणून हात जोडून बसणाऱ्यानें या पुरुषाचें स्मरण करावें. ज्या शोधाचा लाभ आज वैद्यकास होत आहे, त्याचा प्रारंभ एका सशाच्या अस्तराकडे लक्षपूर्वक पाहण्यांत झाला.