अंगणातली शाळा

इटली देशातील रोम नगरात १९०७ साली मारिया माँटेसरी या विदुषीने गरीब वस्तीतील मुलांसाठी एक बालगृह उघडले. धाक दाखवून पढविण्याऐवजी मुलाच्या हाती योग्य साधने द्यावीत, म्हणजे ते आपल्या आपण शिकते, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. दूरदेशीचा हा विचार ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांपर्यंत ज्यांनी नेला, त्या ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे, मुलींचे शिक्षण अनेकांस रुचत नसे अशा काळातही ताराबाईंना उच्च शिक्षण लाभले. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापनविद्यालयाच्या त्या प्रमुख होत्या. ते मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. तेथे त्यांनी बालशिक्षणाचा कसून अभ्यास केला. नंतर मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार चालविला.

परंतु एक विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. त्यामुळे गरिबांच्या मुलांसाठी निघालेली ही पद्धत आपल्या देशात सुखवस्तू घरांतच अडकून पडली होती. खेड्यातील बालकांनी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. वयाची पन्नाशी त्यांनी ओलांडली होती. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. दोघींनी परदेशी पद्धतीतील तत्त्व ठेवले आणि साधने बदलली. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांवरून मुले मोजू लागली, आकार व रंग ओळखू लागली. जी मुले बालवाडीपर्यंत येत नसत, त्यांच्या वस्तीतील अंगणातच शाळा भरू लागली. हीच अंगणवाडी होय.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत, धाकटी भावंडे सांभाळीत. त्यांना शाळेस सवड कोठून असणार? ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. भावंडांसाठी त्यांनी पाळणाघर काढले. गुराखी मुलांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले. तिला कुरणशाळा हे नाव मिळाले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी त्यांचे कार्य पुढे अखंड चालविले. १९७५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविकास योजनेतील केंद्रे अंगणवाडी याच नावाने देशभर ओळखली जातात. बोर्डी व कोसबाड ही गावे २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यात आहेत.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांत आज मुलांना देशोदेशींच्या चालीरीतींची ओळख करून दिली जाते. तेव्हा ताराबाईंचे चरित्र अवश्य आठवावे. जगातील चांगले ते घ्यावे. मात्र ते आपल्या मातीत रुजवावे आणि अगदी शेवटच्या मुलाच्या अंगणापर्यंत पोहोचवावे, हीच या चरित्राची शिकवण आहे.