एक दौलत, दोन कारभारी

गॅदरिंगला दोन सेक्रेटरी नेमले की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मंडपाचं कुणी बघायचं, पैसे कुणाकडे राहणार, यावरून आठवडाभरात अबोला! मग अख्खी होळकरांची दौलत दोघांनी मिळून जवळजवळ २८ वर्षं चालवली, ती कशी?

अहिल्याबाईंचा जन्म १७२५चा, गाव चौंडी. सासरे मल्हारराव लहानाचे मोठे झाले ते आपल्या खान्देशात, तळोद्याला मामाकडे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. बाईंनी मूल दत्तक घ्यावं, म्हणजे कारभार आपल्या हाती राहील, असा दिवाण गंगाधर यशवंतांचा डाव होता. बाई बधल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच हक्क मानला.

पण मोहिमेवर फौज कोण नेणार? बाईंनी मल्हाररावांच्या हाताखाली तयार झालेल्या तुकोजी होळकरांना पुढे केलं. वयाने मोठे असूनही तुकोजी बाईंना मातोश्री म्हणत.

कामाची वाटणी बघा. महेश्वरात बसून वसुली, न्याय आणि खजिना सांभाळायचा बाईंनी. फौज आणि लढाया तुकोजींकडे. तुकोजी दख्खनेत असले, की सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख ते बघत, उत्तरेचा बाई. शिरपूर, चोपडा, यावलहून तुम्हाला रोज दिसतो ना, तोच सातपुडा. तीच वाटणीची रेघ! तुकोजी उत्तर हिंदुस्थानात गेले, की दक्षिणेकडचंही बाईच बघत.

म्हणून सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं, असं समजू नका. तिजोरीची किल्ली एकाकडे, खर्च दुसऱ्याच्या अंगावर. तुकोजी छावणीतून पैसे मागत, बाई आधीच्या पैशांचा हिशेब मागत. कुरबुरी वाढत गेल्या. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कवायती फौजेने होळकरांचा दणदणीत पराभव केला, तो घावही मोठा होता. तरी दोघांनी दौलतीचे तुकडे होऊ दिले नाहीत.

१३ ऑगस्ट १७९५ला बाई गेल्या, दोन वर्षांनी तुकोजी. मग तुकोजींच्या मुलांमध्ये गादीवरून भांडणं पेटली, तेव्हा कळलं की या दोघांनी काय सावरून धरलं होतं.

तुमच्यावर कधी जोडीने जबाबदारी आली, तर पहिल्याच दिवशी आपापला सातपुडा आखून घ्या. हिशेबाची वही मात्र दोघांसमोर उघडी ठेवा.