गाडगे महाराजांचे दारूबंदी-प्रबोधन

गाडगे महाराज ऊर्फ डेबूजी झिंगराजी जानोरकर (जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, मृत्यू : २० डिसेंबर १९५६) हे महाराष्ट्रातील संत, कीर्तनकार व समाजसुधारक होते. खराटा आणि ग्रामस्वच्छता यांमुळे ते सर्वपरिचित आहेत. तथापि, दारूविरोधी शिकवण हा त्यांच्या कार्याचा तितकाच जुना आणि घरच्या अनुभवातून आलेला भाग होता.

बालपण

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले होते. व्यसनापायी घरची स्थिती खालावली आणि डेबूजी लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. मुलाला या मार्गापासून दूर ठेवावे, असे त्यांनी अखेरच्या काळात पत्नी सखुबाई यांना बजावल्याचे चरित्रांत आढळते. पुढे मायलेक दापुरे येथे सखुबाईंच्या माहेरी राहिले. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेती केली. शाळेचे तोंड मात्र त्यांना पाहता आले नाही. मामांची शेतजमीन सावकाराच्या घशात कशी जाते, हेही त्यांनी तेथेच जवळून पाहिले. दारू, कर्ज आणि निरक्षरता ही एकाच साखळीची कडी आहेत, ही त्यांच्या कीर्तनातील मांडणी या दोन घरांच्या अनुभवातून आलेली दिसते.

बारशाचे जेवण

कुंताबाईंशी विवाह झाल्यानंतर मुलीच्या बारशाचा प्रसंग आला. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी मांसाहार आणि दारूची पंगत द्यावी लागे. डेबूजींनी ती नाकारून गोड जेवण दिले. जातपंचायतीचा धाक असलेल्या त्या काळात हे धाडस लहान नव्हते. सुधारणेचा आरंभ त्यांनी स्वतःच्या पंगतीपासून केला, म्हणून चरित्रकारांनी या प्रसंगाला महत्त्व दिले आहे.

कीर्तनातील शिकवण

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना एकामागून एक साधे प्रश्न विचारीत. दारूने पैसा कोठे जातो, घरात कोण उपाशी राहते, याची उत्तरे श्रोत्यांच्याच तोंडून येत. ही पद्धत वर्गातील कुशल शिक्षकाची होती, असे म्हणावे लागेल. चैनीवर व व्यसनावर जाणारा पैसा मुलांच्या शिक्षणाकडे वळवावा, हा त्यांचा आग्रह असे. स्वतः निरक्षर असूनही त्यांनी धर्मशाळांबरोबर वसतिगृहे व आश्रमशाळा उभ्या राहाव्यात म्हणून आयुष्यभर खटपट केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. त्याच वर्षी मुंबई प्रांतात दारूबंदी कायदा झाला. मात्र महाराजांचे कार्य कायद्याच्या कितीतरी आधीचे होते आणि त्यांचा भर शिक्षेपेक्षा मन वळविण्यावर होता.

उत्तरकाल

अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात त्यांचे निधन झाले. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले असून ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) हा चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारलेला आहे. त्यांची प्रसिद्ध दशसूत्री अन्न, पाणी, वस्त्र, शिक्षण, औषधोपचार अशा गरजांविषयी आहे. तिच्यात दारूविषयी स्वतंत्र सूत्र नाही. कदाचित यामुळेच शाळाशाळांतून २० डिसेंबरला होणाऱ्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमांत खराटा हमखास दिसतो, झिंगराजींची कथा क्वचितच सांगितली जाते.